ईशानी पळाली नाही

"बाबा, दिवे मोठे करा!" मागे वळूनही न बघता ईशानी ओरडली.

सदानंदनं गाडीचे मोठे दिवे लावले. जबल अलीच्या गोदामांमागचा सरळसोट रस्ता लांबवर उजळून निघाला. त्या उजेडात त्याची सतरा वर्षांची मुलगी पळत होती. वेणी पाठीवर डावी-उजवीकडे हलत होती, हात कमरेशी घट्ट, टाचा क्षणभरच जमिनीला लागत होत्या. सदानंद पहिल्या गिअरमध्ये तिच्यामागे गाडी चालवत होता. खिडकीची काच खाली होती आणि बाहेरची दमट हवा आत येऊन चष्म्यावर बसत होती. सप्टेंबर संपत आला तरी दुबईचा उन्हाळा हटला नव्हता. सूर्य वर आला की डांबर बुटाला चिकटायचं, म्हणून पळायचं ते उजाडायच्या आत.

"यल्ला बेटी, यल्ला!" टायरच्या गोदामाचा पठाण चौकीदार फाटकातून हात हलवायचा. ईशानीही पळतापळता एक हात वर करायची.

त्याच गोदामात सदानंद शेवाळे डिस्पॅच क्लार्क होता. कुठल्या कंटेनरमध्ये किती टायर गेले, ट्रक कधी सुटला, गेटपास कुणाच्या नावानं काढला, याच्या नोंदी करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. पहाटे मुलीला घेऊन यायचं, परत करामातल्या घरी जाऊन तिला शाळेत सोडायचं आणि पुन्हा जबल अली गाठायचं. सहकारी हसायचे. म्हणायचे, शेवाळे, गोदामातच खाट टाक की. सदानंद स्वतः आयुष्यात कधी बससाठीसुद्धा पळाला नव्हता. पण मुलगी सातवीत असताना शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे अशी काही निघून गेली की बघणारे शिक्षक टाळ्या वाजवायचं विसरले. त्या दिवसापासून त्याच्या घड्याळाला तिच्या पळण्याखेरीज दुसरं काम राहिलं नाही.

ईशानीचा जन्म अमेरिकेतला, तोही अपघातानंच. सदानंदची बायको अनुपमा तिच्या भावाच्या लग्नाला न्यू जर्सीला गेली होती आणि सातव्याच महिन्यात बाळंत झाली. एवढीशी पोर काचेच्या पेटीत ठेवली होती. दोन महिन्यांनी ती दुबईला आली ती निळा अमेरिकन पासपोर्ट घेऊन. तो पासपोर्ट इतकी वर्षं कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली पडून होता. बारावीच्या वर्षी तो बाहेर निघाला.

त्याचं असं झालं. ईशानीनं तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना आपल्या शर्यतींच्या वेळा कळवल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईंचं उत्तर आलं. तू आम्हाला संघात हवी आहेस, पण खेळासाठी फी माफ करायची आमच्याकडे पद्धत नाही. तू अमेरिकन नागरिक आहेस, तर सैन्याच्या अधिकारी प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीला अर्ज का करत नाहीस? फी सैन्य भरेल. सकाळी कवायत, दुपारी वर्ग, संध्याकाळी ट्रॅक. आमच्या दोन मुली असं करताहेत. कॉलेज झालं की काही वर्षं अधिकारी म्हणून नोकरी करायची.

ईशानीनं ते उत्तर जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं, तेव्हा अनुपमाची पोळी तव्यावरच राहिली.

"सैन्य? मुलीच्या जातीला? आणि तेही दुसऱ्याच्या देशाचं?"

"टेक्निकली माझाच देश आहे, आई."

"कसला तुझा? मी तुला तिथं फक्त जन्म दिला. उद्या कुठं लढाईला पाठवलं म्हणजे?"

ईशानी सहसा आईशी वाद घालत नसे. इंग्रजीत एखादं वाक्य बोलून खोलीत निघून जायची. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत.

"आई, आपण इथं बाबांच्या नोकरीवर आहोत. नोकरी गेली की व्हिसा खलास. गावी गेलं की सगळे विचारतात, परत कधी जाणार? इथंही तेच विचारतात. मला एकदा तरी अशा जागी राहायचंय जिथं हे कुणी विचारत नाही. आणि मला पळायचंय. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतंय तर मी का नको म्हणू?"

अनुपमानं गॅस बंद केला. करपलेली पोळी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. सदानंदनं मात्र मनात तेव्हाच ठरवलं, की हे व्हायलाच हवं.

नोव्हेंबरमध्ये अबुधाबीच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. उंच, राखाडी केसांच्या एका कर्नलनं तिला तासभर आत ठेवलं. सदानंद बाहेरच्या खुर्चीवर बसून शर्टाची बटणं चाचपत होता. ती बाहेर आली ती हसू दाबत. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्यांनी विचारलं, शर्यतीत तू मागे पडतेस तेव्हा मनात काय येतं? मी म्हटलं, माझ्या पुढच्या मुलीचा श्वास ऐकते. ती दमली की मला कळतं. ते इतके हसले, बाबा!"

दुबईपर्यंतच्या वाटेवर तिनं चपला काढून पाय सीटवर घेतले आणि गाणी म्हटली. सदानंदला पुढे कितीतरी वेळा वाटलं, की ती दुपार तिथेच थांबायला हवी होती.

मग उरली ती वैद्यकीय तपासणी. त्यात भिण्यासारखं काय होतं? ईशानीला कधी सर्दीसुद्धा टिकत नसे. जानेवारीत तो तिला घेऊन बर दुबई भागातल्या एका दवाखान्यात गेला. डॉक्टर सायरा म्हणून हैदराबादच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या, हृदयरोगाच्या तज्ज्ञ. डोळे, कान, सांधे दुसऱ्या डॉक्टरांकडे आधीच झाले होते. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला. तो हातात धरून बाई जरा थबकल्या.

"थोडा फर्क है. लेकिन दौड़नेवालों में ऐसा होता है. घबराने की बात नहीं," त्या म्हणाल्या आणि पुढचे प्रश्न विचारू लागल्या. कधी चक्कर? नाही. कधी छातीत दुखलं? नाही. मग त्या सदानंदकडे वळल्या. "खानदान में किसी की कम उम्र में, अचानक मौत हुई है?"

सदानंदच्या डोळ्यांसमोर विष्णू उभा राहिला.

विष्णू त्याचा थोरला भाऊ. कोरेगावच्या तालमीतलं अंग, एकोणीस वर्षांचा. पोलीस भरतीसाठी साताऱ्याला गेला आणि पळण्याच्या चाचणीत, शेवटच्या फेरीला, सगळ्यांच्या पुढे असताना खाली बसला तो उठलाच नाही. संध्याकाळी पोलिसांच्या गाडीतून त्याला घरी आणला. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. ऊन लागलं, असंच आई मरेपर्यंत म्हणत राहिली. घरात लावलेल्या त्याच्या फोटोपुढे ईशानीनं लहानपणी कितीदा तरी फूल ठेवलं होतं. विष्णूकाकाला ऊन लागलं, एवढं तिलाही ठाऊक होतं.

पण ते दिवस थंडीचे होते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते कधी उच्चारलं नव्हतं.

सदानंदनं मुलीकडे पाहिलं. ती टेबलावर पाय हलवत बसली होती. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. बाई लिहून घेतील, सही करतील, आणि ऑगस्टमध्ये पोर विमानात बसेल.

"माझा भाऊ," तो म्हणाला. मग हिंदीत म्हणाला, "मेरा बडा भाई. दौड़ते दौड़ते."

ईशानीचे पाय हलायचे थांबले.

डॉक्टर सायरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी ईशानीला उकिडवं बसायला सांगितलं, मग एकदम उभं राहायला सांगितलं आणि डोळे मिटून स्टेथोस्कोपनं ऐकत राहिल्या. पुन्हा बसवलं, पुन्हा उभं केलं. मग म्हणाल्या, "बेटा, एक टेस्ट और करते हैं."

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ईशानीचं हृदय दिसू लागलं. करडं, उघडमीट करणारं. सदानंदला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बाईंनी एकाच जागी पुन्हा पुन्हा माप घेतलेलं त्याला दिसलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत असायला हवी त्याहून बरीच जाड होती. जोरानं पळताना अशा हृदयाचा ताल अचानक बिघडू शकतो, आणि मग वेळ मिळत नाही. बाईंनी हे दोनदा सांगितलं. एकदा इंग्रजीत मुलीला, एकदा हिंदीत बापाला.

"पण खूप पळण्यानंही जाड होते ना?" ईशानीनं इंग्रजीत विचारलं. ती हे कुठंतरी वाचून होती.

"होते. इतकी सहसा नाही. तीन महिने पूर्ण विश्रांती घे. पळण्यामुळे असेल तर उतरेल. मग पुन्हा बघू. तोवर एक पाऊलही पळायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," ईशानी म्हणाली.

घरी येताना ती मागच्या सीटवर बसली. करामाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "यू कुड हॅव सेड नो, बाबा."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तरी सदानंदला गिअर सापडेना.

घर त्या दिवसापासून वेगळंच झालं. सैन्याला कडाडून विरोध करणारी अनुपमा आता मुलीला मिळणारी जागा कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसली. शेजारच्या लतिकानं विचारलं, "काय गं, ईशानी हल्ली पहाटे जात नाही?" तर ती म्हणाली, "बारावी आहे ना." मार्चमध्ये शिष्यवृत्तीचा निकाल आला. निवड झाली होती, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरण्याच्या अटीवर. कोचबाईंनी तर कळवून टाकलं, तुझ्यासाठी संघात जागा ठेवली आहे. अनुपमानं शिरा केला. तिघांनी तो खाल्ला, कुणी कुणाकडे बघितलं नाही.

ईशानीचं अंग सुटू लागलं. सोफ्यावर बसून ती टीव्ही बघायची, आवाज बंद करून. सदानंदला सवयीनं पहाटे जाग यायची. तो स्वयंपाकघरात जाऊन अंधारात चहा करायचा, तेव्हा तिच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा. तीही जागी असायची. पण दार ना तिनं उघडलं, ना त्यानं ठोठावलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी गोदामात फोन वाजला. अनुपमा होती.

"अहो, ईशानी शाळेतून आलीच नाही. आणि तिचे पळायचे बूट जागेवर नाहीत."

ट्रकवाला गेटपाससाठी खोळंबला होता. सदानंदनं पेन टेबलावर टाकलं आणि मॅनेजरला न सांगताच तो निघाला. शेख झायेद रोडवर आजवर कधी चालवली नव्हती अशी त्यानं गाडी चालवली. ती कुठं असेल? शाळेचं मैदान दुपारी बंद असायचं. तरी तो आधी तिथंच गेला. बाजूचं लहान फाटक उघडं होतं.

मैदान वाळूचं, चुन्याच्या रेषा पुसट झालेल्या. उन्हात एक कुत्रंही नव्हतं. पलीकडे पायऱ्यांवर छपराच्या सावलीत ईशानी बसली होती. पायात बूट होते. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

सदानंद मैदानाच्या मधून तिच्याकडे चालत गेला. पळावंसं वाटत होतं, तरी तो पळाला नाही.

"पळालीस?"

तिनं कपाळावरचे केस मागे सारले.

"ईशानी, पळालीस का तू?"

तिनं त्याचा हात धरला आणि त्याची बोटं आपल्या गळ्याशी, जबड्याखाली नेऊन दाबली. शिरेचा ठोका सावकाश पडत होता. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"नाही पळाले," ती म्हणाली. "बूट घातले, लाइनवर उभी राहिले. खूप वेळ. मनात शिटीपण वाजवली. मग येऊन बसले." तिनं त्याचा हात सोडला. "प्रॉमिस केलं होतं ना."

सदानंद तिच्या शेजारी बसला. त्याचा शर्ट पाठीवर घामानं भिजला होता.

"तुम्ही खोटं का नाही बोललात, बाबा? मी असते तर बोलले असते."

"विष्णूला आणला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो," सदानंद म्हणाला. "आई त्याच्या पायाचे तळवे चोळत होती. रात्रभर. गार पडलेत म्हणायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही."

ईशानीनं वाकून नाड्या सोडल्या आणि बूट काढून हातात घेतले.

मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरी तपासणी झाली. डॉक्टर सायरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला, जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. काही बदललं नव्हतं. भिंत तेवढीच होती.

"आपकी भी जाँच करनी होगी," त्या सदानंदला म्हणाल्या.

त्याच टेबलावर तो उताणा पडला. आता पडद्यावर त्याचं स्वतःचं हृदय होतं. ईशानी भिंतीला टेकून बघत होती. बाईंना काही सांगावं लागलं नाही. माप घेण्यासाठी त्यांचा हात त्याच जागी थांबला, तेव्हाच त्याला कळून चुकलं.

"हल्की है. आपको शायद कभी तकलीफ न हो," बाई म्हणाल्या. "लेकिन हाँ, आप ही की तरफ़ से है."

आपल्याच बाजूनं. सदानंद कागदी टॉवेलनं छातीवरचा चिकट द्रव पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. आयुष्यभर त्यानं मुलीला काय दिलं होतं? गोदामातल्या क्लार्कची नोकरी, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. धावणं तिचं तिनं कमावलं होतं. आणि ते ज्यानं हिरावून घेतलं, ते त्याच्याकडून आलं होतं.

सैन्यानं अपात्र ठरवलं. फेरविचाराचा अर्ज केला, तोही नामंजूर झाला. कोचबाईंनी फोन केला. फार बऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, तू संघाची व्यवस्थापक म्हणून ये, वेळा नोंदवायला. ईशानीनं आभार मानले. फी भरणारं कुणी नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही, आणि त्यांच्याही लक्षात आलं नाही. फोन ठेवल्यावर अनुपमा न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातूनही ते बाहेर ऐकू येत होतं.

"बाबा, आईला म्हणावं पाणी बंद कर," ईशानी म्हणाली. तेवढंच.

जूनमध्ये तिनं करामातल्याच एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं आणि बी.कॉम. घरून करायचं ठरवलं. क्लासमधल्या मुली विचारायच्या, तू अमेरिकेला जाणार होतीस ना? ती म्हणायची, "चेंज ऑफ प्लॅन." सकाळ-संध्याकाळ हृदयासाठी गोळी होती, ती ईशानी न चुकता घेई. सदानंदलाही गोळी होती. दोघांच्या गोळ्या अनुपमा एकाच बशीत काढून ठेवायची.

त्यानंतर ईशानी त्याच्यावर कधी रागावली नाही. सदानंदला तेच जास्त लागायचं. तिनं ओरडावं, दार आपटावं, पुन्हा एकदा ते सिग्नलवरचं वाक्य म्हणावं, असं त्याला वाटायचं. पण ती समजूतदार झाली होती. एखाद्या पोक्त बाईसारखी ती त्याला विचारायची, "चहा टाकू का?"

जुलैतल्या एका संध्याकाळी दोघं किराणा घेऊन परतले, तर इमारतीची लिफ्ट बंद पडलेली. घर चौथ्या मजल्यावर. वॉचमन म्हणाला, कारागीर उद्या येईल, इन्शाल्ला.

"मी वर जाऊन पिशव्या ठेवतो. तू इथं थांब," सदानंद म्हणाला.

"तुम्हालाही नाही चालत, बाबा. सावकाश जाऊ."

दोघं चढू लागले. जिना कोंदट होता, कुणाच्या तरी घरी मासे तळत होते. दुसऱ्या मजल्यावर सदानंद थांबला.

"बस जरा."

"आय ॲम नॉट टायर्ड."

"माहितीये मला. बस."

ती बसली. तोही तिच्या खालच्या पायरीवर पिशव्या मांडीवर घेऊन टेकला. जिन्याच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. मशिदीतून अजान सुरू झाली. सदानंदला काहीतरी बोलायचं होतं. काय ते त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं पिशवीतले टोमॅटो वर काढून ठेवले, म्हणजे चेपणार नाहीत.

खालून धाडधाड पावलं ऐकू आली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तीन मुली, आठ-दहा वर्षांच्या, एकमेकींना ढकलत, दोन-दोन पायऱ्या गाळत वर येत होत्या. सगळ्यात पुढची धापा टाकत हसत होती. या दोघांना बसलेलं बघून ती जागच्या जागी थबकली.

"कम ऑन, गो," ईशानी म्हणाली. तिनं गुडघे पोटाशी घेतले, भिंतीला अंग चोरून बसली, आणि त्यांना पळायला वाट करून दिली.